सिद्रामप्पा मास्तरांचं मळकं आभाळ

सोलापूरला मी भीत भीतच गेले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात देवरुख सोडून सोलापूरला कोण जातं, असं शेजारणीने तोंडावर विचारलं होतं. उन्हाला मी घाबरत होतेच, पण त्याहून जास्त घाबरत होते एका चित्राला.

शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले. नोकरीत असतानाच जुने कागद दुरुस्त करायला शिकले होते. वाळवी लागलेल्या पोथ्या, घडीवर फाटलेले जमिनीचे नकाशे, दमटपणाने एकमेकींना चिकटलेल्या जन्मपत्रिका, अशी कामं घरी येतात. चित्रं मात्र मी घेत नाही. सात वर्षांपूर्वी एका गृहस्थांकडचं देवळाच्या तळ्याचं छोटंसं जलरंगातलं चित्र माझ्या हातून बिघडलं. डाग काढायला म्हणून ओलं केलं आणि पायऱ्यांचा लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरला. ते गृहस्थ "असू दे" म्हणाले. पण चहाचा कप हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर मी चित्राला हात लावला नव्हता.

शिवानंदांचा फोन आला तो फेब्रुवारीत. सोलापुरात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचे वडील, सिद्रामप्पा मास्तर, तिथल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. ते जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची बाकीची चित्रं इकडेतिकडे गेली. एकच घरात उरलं होतं आणि त्याला बुरशी लागली होती. शाळेच्या नव्या सभागृहात ते लावायचं ठरलं होतं. मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी काही न बोलता चित्राचा फोटो पाठवला. तो मी संध्याकाळभर बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी "येते" म्हणून कळवलं.

सोमवार

स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हवेला तापलेल्या डांबराचा वास होता आणि कुठेतरी शेंगदाणे भाजत होते. आमच्याकडे ऊन झाडांतून गाळून येतं, अंगाला चिकटतं. इथलं सरळ कपाळावर येऊन बसलं. घाम येण्याआधीच वाळत होता.

शिवानंद स्कूटर घेऊन न्यायला आले होते. पंचावन्नच्या आसपासचे, कपाळावर विभूती, बोलणं भरभर. "प्रवास बरा झाला की मॅडम? आधी जेवायचं, मग चित्र." शुक्रवार पेठेत त्यांचं दुकान खाली आणि घर वर आहे. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो. तो दिवसभर खटखटत असतो आणि त्याने घराची फरशी बारीक थरथरते. मी हातातल्या पेल्यात पाहिलं, तर पाणीही थरथरत होतं. अशा घरात मला बारीक ब्रश धरायचा होता.

"आवाजाचा त्रास होतो का?" शिवानंदांच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी, विचारलं. "आम्हाला तर तो बंद पडला की चुकल्यासारखं होतं."

जेवायला कडक भाकरी होती. पापडासारखी दिसली म्हणून मी कड दातांनी तोडायला गेले आणि दाढेतून कळ आली. वहिनी हसू दाबत म्हणाल्या, "चुरायची असते ती." त्यांनी माझ्या ताटात भाकरी चुरली, वर आमटी ओतली, शेजारी शेंगांची चटणी आणि घट्ट दही. भाताची सवय असलेल्या मला हे जेवण कोरडं जाईल असं वाटलं होतं. पण दुसऱ्यांदा मागून घेतलं. तेवढा वेळ चित्राचा विसर पडला.

मग ते टेबलावर ठेवलं गेलं. दीड हात रुंद, हातभर उंच. काचेच्या आतून बुरशीचे पांढरे ठिपके, मागचा पुठ्ठा पिवळा पडून कुरकुरीत झालेला. काच मी जपून काढली.

चित्रात काही नव्हतं, म्हणजे पहिल्यांदा बघणाऱ्याला तसंच वाटावं. एक माळ. वाळलेलं गवत. डाव्या अंगाला एक बाभूळ, मधून गेलेली पायवाट, लांबवर टेकाडांची ओळ, आणि वर अर्ध्याहून जास्त कागद व्यापणारं आभाळ. हिरवा रंग कुठे नव्हता, निळाही नव्हता. करडा, मातकट, कडब्यासारखा फिकट पिवळा, आणि सावल्यांना जेमतेम जांभळट झाक.

"रंग पार उडालाय बघा," शिवानंद म्हणाले. "आधी हिरवंगार असणार की."

उडालेला रंग ओळखता येतो. चौकटीच्या कडेखाली उजेड पोचत नाही, तिथे मूळ रंग शिल्लक राहतो. मी भिंगातून पाहिलं. कडेखालचं गवतही तितकंच फिकट होतं.

"उडालेला नाही. त्यांनी असाच लावलाय."

"असा फिका?"

"असा फिका."

ते परत वाकून बघू लागले, पण तोंड उतरलं होतं. मग मी त्यांना गवत दाखवलं. ब्रश जवळजवळ कोरडा घेऊन, केस जरा फाकवून, तो कागदावरून एकदाच ओढलेला होता. कागदाच्या खरबरीतपणावर रंग अडखळला होता आणि त्या अडखळण्यातून गवताची पाती उठली होती. पायवाट रंगवलेलीच नव्हती. दोन्ही बाजूंना रंग देऊन मधला कागद तसाच सोडला होता. टेकाडांची ओळ तर एका दमात काढलेली. भरलेला ब्रश डावीकडे टेकवला, उजवीकडे जाता जाता रंग संपत आला, आणि टेकाडं आपोआप दूर गेली. कुठेही दुसऱ्यांदा हात फिरवलेला नव्हता. आणि हे सगळे मळके रंग शेजारी शेजारी बसून असा उजेड देत होते की एखादा भडक ठिपका पडता तर तो उजेड विझला असता. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, रंग कमी घ्या, ब्रश एकदाच फिरवा. मला स्वतःला ते इतकं कधी साधलं नाही.

"म्हणजे भारी आहे?" शिवानंदांनी विचारलं.

"फार भारी आहे," मी म्हटलं. चित्र साधारण असतं तर त्याला हात लावायला इतकं जड गेलं नसतं.

आभाळच काय ते मला कळेना. टेकाडांच्या वर एक उजळ पट्टा होता आणि त्याच्यावर सगळीकडे गढूळ तपकिरी.

"तो स्टोव्हचा धूर," शिवानंद म्हणाले. "कित्येक वर्षं स्वयंपाकघराच्या दारावर होतं की हे. तेवढं काढा, आभाळ निघू द्या."

मंगळवार

सकाळचं काम चांगलं झालं. मऊ ब्रशने बुरशी झाडली, मागचा पुठ्ठा पातळ पातीने थोडा थोडा सोडवला. दुपारी आभाळापाशी आले.

चौकटीच्या कडेखाली तो तपकिरी रंग होता का, हे मी पाहिलं. होता. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण शिवानंदांनी सांगितलं की ही चौकट नंतरची. आधी चित्र नुसतंच पुठ्ठ्यावर चिकटवून खिळ्याला लावलेलं असायचं. म्हणजे धूर कडेपर्यंत पोचला असणार. धूर आभाळावरच कसा बसला, गवतावर का नाही, असंही एकदा मनात आलं. धूर वर चढतो, असं उत्तर माझं मीच देऊन टाकलं. कालचं त्यांचं उतरलेलं तोंड मला बघवलं नव्हतं. निदान आभाळ तरी त्यांच्या मनासारखं निघावं असं वाटत होतं.

कापसाचा बोळा जेमतेम ओला केला आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात फिरवला. बोळा तपकिरी झाला. दुसरा, तिसरा. खाली फिकट, निळसर पांढरा कागद दिसू लागला, रुपयाच्या नाण्याएवढा.

"निघालं की आभाळ!" शिवानंद ओरडलेच. वहिनींनी मोबाइलवर फोटो काढला. "आता सगळं असंच काढा मॅडम."

मी हातातल्या बोळ्याकडे बघत होते. काजळी काळी असते, तेलकट असते. हा रंग कोऱ्या चहासारखा होता आणि त्यात जलरंगात असतात तसे बारीक रवाळ कण होते. सात वर्षांपूर्वीच्या त्या पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या.

"उजेड गेला," मी म्हटलं. "बाकीचं उद्या."

साडेचार वाजले होते. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर पडलं होतं. शिवानंदांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

हात धुताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही जागा कुठली?"

"ते अक्काला ठाऊक. लहानपणी बाबांबरोबर तीच गेली होती. उद्या येणारच आहे."

बुधवार

महादेवीअक्का म्हणजे शिवानंदांची थोरली बहीण. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेली, वय सदुसष्ट-अडुसष्ट. सकाळच्या एसटीने आल्या, इरकली लुगडं, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. चित्र समोरच टेबलावर होतं. त्यांनी पिशवी ठेवली आणि चित्राकडे न बघता त्या आत गेल्या.

तो माळ दाखवाल का, असं मी विचारलं. "काय न्हाय तितं. कशाला जायचं?" मी पुन्हा विनवलं. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. ऊन उतरलं की जाऊ. पन दिस मावळायच्या आत माघारी."

शिवानंदांच्या ओळखीचे रफीकभाई रिक्षा घेऊन आले. बार्शीच्या रस्त्याने तासभर गेलो, मग एका कच्च्या वाटेला वळलो. वाट संपली तिथे रफीकभाईंनी रिक्षा थांबवली. "मैं यहींच रुकता मॅडम. जल्दी आओ हां. हवा बंद पड गई, ये अच्छा नै."

खरंच पान हलत नव्हतं. माळ चारी बाजूंना पसरला होता, एका निंबाच्या झाडाशिवाय कुठे आडोसा नाही. आमच्याकडे नजर कुठेही टाका, ती पाच हातांवर झाडाला अडते. इथे ती जात राहते आणि परत येत नाही. मला उघड्यावर पडल्यासारखं वाटत होतं. अक्का गुडघा धरत धरत पुढे चालल्या होत्या. एक उथळ ओघळ ओलांडून त्या थांबल्या.

"हितं बसले व्हते बाबा."

टेकाडांची ओळ मी लगेच ओळखली. बाभूळ मात्र दिसेना. "ती कुठे गेली?" मी विचारलं. अक्का पश्चिमेकडे बघत होत्या.

मीही वळले. वादळ येताना आमच्याकडे ढग काळेनिळे होतात, गार वारा सुटतो. इथे काळं काहीच नव्हतं. जमिनीतूनच उठल्यासारखी एक तपकिरी भिंत टेकाडांमागून वर चढत होती. सूर्य तांब्याच्या चकतीसारखा झाला आणि मग दिसेनासा झाला. तपकिरी रंग आमच्या डोक्यावर आला आणि टेकाडांच्या वर फक्त एक उजळ पट्टा उरला. खालचं गवत होतं तसंच राहिलं, फिकट, आणि त्या फिकटपणालाच उजेड आला.

हे आभाळ मी दोन दिवस टेबलावर बघत होते. तो धूर नव्हताच. मास्तरांनी इथे बसून हे पाहिलं होतं आणि पाहिलं तसं लावलं होतं, आणि मी ते कापसाने पुसलं होतं.

"ताई, चला! चला म्हनते न्हवं!" अक्का माझा हात ओढत होत्या.

पण उशीर झाला होता. धूळ आली ती थेट तोंडावर. डोळे उघडेनात, श्वासाबरोबर माती आत जात होती. कुठेतरी वीज कडाडली. मला झाडाशिवाय काही सुचलं नाही. निंबाचा आकार अंधुक दिसत होता, मी तिकडे धावले.

"झाडाखाली न्हाय!" त्या वयाच्या बाईच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "झाडाखाली न्हाय जायाचं! हिकडं!"

त्यांनी मला पदराला धरून मागे खेचलं आणि आम्ही त्या उथळ ओघळीत उतरलो. उकिडवं बसायला लावून त्यांनी माझं डोकं खाली दाबलं आणि आपला पदर दोघींवर ओढला. गारा पडू लागल्या. पाठीवर खडे मारल्यासारख्या लागत होत्या. मग सगळं पांढरं झालं. उजेड आणि आवाज एकदमच आले, दोन्हींत अंतरच नव्हतं. कानात शिटी वाजायला लागली, जळकट वास आला. मला वाटलं, मी मेले. खरंच वाटलं. देवरुखच्या घराच्या किल्ल्या कुणाला सापडतील, असला काहीतरी विचार मनात आला.

"अंजब्याड, अंजब्याड," अक्का पुटपुटत होत्या. त्यांच्या घरातलं कानडी. अर्थ नंतर कळला, भिऊ नको. मला वाटलं त्या मला सांगताहेत. मान वर करून पाहिलं तर त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते, आणि माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली होती.

पंधरा-वीस मिनिटांनी जोर कमी झाला. निंबाची एक मोठी फांदी उभी चिरून खाली लोंबत होती. आम्ही दोघी त्या फांदीकडे बघत चिखलात तशाच बसून राहिलो. मग अक्का बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"आठ वर्साची व्हते मी. बाबा हितंच बसलेले, मांडीवर बोर्ड घिऊन. आबाळ असंच आलं. मी म्हनलं, बाबा, चला. त्यांनी ऐकलंच न्हाय. त्यांचा ब्रश चालूच. मी रडले, वरडले, तरी न्हाय. मग मी पळाले त्या बाबळीकडं." त्यांनी पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "बाबळीवर ईज पडली, ताई. मी धा पावलं अलीकडं व्हते."

"मग?"

"मग बाबा आले पळत. मला उचलून ह्याच वगळीत आनलं, माज्यावर पालथे पडले. अंजब्याड म्हनत व्हते, अंजब्याड. चित्र सदऱ्यात घातलेलं. घरी गेल्यावर अव्वा, आमची आई, म्हैनाभर त्यांच्याशी बोलली न्हाय. बाबा परत माळावर कदी चित्र काडायला गेले न्हाईत. शिवा तवा जल्मला बी न्हवता. कुनी सांगितलंच न्हाय त्याला." त्यांनी पदर पिळला. "मला ते चित्र बघवत न्हाय."

चित्रात उभी असलेली बाभूळ मास्तरांनी रंगवली त्यानंतर काही मिनिटंच उभी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रफीकभाई हाका मारत शोधत आले. रिक्षाचं टप फाटलं होतं.

घरी पोचलो तेव्हा सात वाजत होते. कपडे बदलायच्या आधीच मी शिवानंदांना सांगून टाकलं. कपडे बदलले असते तर धीर गेला असता.

"शिवानंदभाऊ, आभाळावर धूर नव्हता. तो रंगच होता. मास्तरांनी वादळ रंगवलंय. मी रुपयाएवढं पुसलं."

त्यांना समजायला वेळ लागला. "काल तर तुम्ही..."

"काल मी चुकले."

"मी दुकानदार माणूस, मॅडम. मी काय बी म्हणेन." त्यांचा आवाज चढला. "मी धूर म्हणालो म्हणून तुम्ही पण धूर म्हणायचं? मग तुम्हाला बोलावलं कशाला एवढ्या लांबून?"

"अहो, त्यांनी स्वतः सांगितलं तरी," वहिनी म्हणाल्या. ते जिना उतरून दुकानात गेले. चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी खुर्चीत बसले.

अक्का तोंड धुऊन आल्या आणि, मी बघत होते, पहिल्यांदा त्या चित्रापाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांचं बोट त्या कोपऱ्याजवळ, कागदाला न टेकता, थांबलं.

"हितं उजीड केलात की तुमी."

"हो."

"आता?"

"परत रंग भरता येईल. पण नेमका कोणता, तेच कळत नाही. आज पाहिला, पण डोळ्यांत माती होती, आणि मी भ्यायले होते. पाहिलेला रंग डोळ्यांत टिकत नाही."

"मला ठावं हाय त्यो," अक्का म्हणाल्या. "साठ वर्सं झाली. न्हाय इसरले."

गुरुवार

सकाळी खिडकीशी बसलो, मी आणि अक्का. जुन्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यावर एकेक रंग लावून दाखवू लागले. अक्का खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"लई तांबडं. ह्यो मातीचा झाला."

मी निळ्याचा थेंब घातला.

"आता मेलं पार. जरा जित्तं पायजे."

पिवळा, परत तपकिरी, जांभळ्याचं नुसतं टोक. चित्रकलेचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण दोन पट्ट्यांमधला केसाएवढा फरक त्या लांबून सांगत होत्या. पट्ट्यांचा ढीग झाला. दहा वाजून गेले. माझा धीर सुटत चालला होता. मग मी एक पट्टी वाळवून वर धरली आणि अक्का काही बोलल्याच नाहीत. त्यांचा हात पदराकडे गेला, पदर तोंडावर गेला, त्यांनी मान फिरवली.

"झाका ते," त्या म्हणाल्या.

मी पट्टी उलटी ठेवली.

आता तो रंग चित्रात भरायचा होता. फरशी थरथरत होती, ब्रशचं टोक थरथरत होतं. शिवानंद दारात येऊन उभे राहिलेले मला कळलं नव्हतं. सकाळपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. ते तसेच मागे वळले, खाली गेले, आणि थोड्या वेळाने शेजारचा माग थांबला. माग चालवणाऱ्या तेलुगू शेजाऱ्यांना त्यांनी त्यांच्या भाषेत काय सांगितलं ते माहीत नाही. पण तीन तास तो माग बंद होता. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

त्या जागेवर मी आधी खळीचा एक पातळ थर दिला, म्हणजे पुढे कुणाला माझा रंग काढायचा झाला तर मास्तरांच्या कागदाला धक्का लागू नये. मग सगळ्यात बारीक ब्रशने ठिपके द्यायला सुरुवात केली. मास्तरांनी हे आभाळ रुंद ब्रशने, वीज डोक्यावर असताना, एका हाताच्या फेरात लावलं होतं. मला त्यातला रुपयाएवढा तुकडा भरायला शेकडो ठिपके लागले, आणि प्रत्येक ठिपक्याच्या आधी मी थांबत होते. एकदा थेंब जरा मोठा उतरला. टिपकागद टेकवेपर्यंतचे ते दोन क्षण मला अजून आठवतात. अक्का जागच्या हलल्या नाहीत. मला वाटतं, मी संपवेपर्यंत त्यांनी चित्राकडे पाहिलंही नाही, फक्त माझ्या हाताकडे.

दुपारी शिवानंद आले. वाकून, चष्मा वर करून, इकडून तिकडून बघून म्हणाले, "कुठं होतं ते?" मला ती जागा तिरक्या उजेडात दिसत होती, आणि ती मला कायम दिसणार आहे. अक्कांनी न बघता बोट दाखवलं. ते अगदी बरोबर तिथेच होतं.

"मग हे आभाळ असंच?" त्यांनी विचारलं.

"असंच," मी म्हटलं.

ते खुर्ची ओढून समोर बसले. गवत, पायवाट, टेकाडांच्या वरचा पट्टा, असं ते एकटेच बघत राहिले. जेवायला हुग्गी होती, गूळ घातलेली गव्हाची खीर. वहिनींनी ती मला दोनदा वाढली.

शुक्रवार

निघायच्या आधी चित्र नव्या पुठ्ठ्यावर बसवलं आणि मागे चिकटवायला एक कागद लिहिला. हे आभाळ मळलेलं नाही. वादळ येत असताना सिद्रामप्पा मास्तरांनी माळावर बसून ते असं रंगवलं. उजव्या वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेतला मूळ रंग माझ्या हातून पुसला गेला, तिथे मी नवा भरला आहे. धूर समजून कुणीही हे पुसू नये. खाली माझं नाव आणि गाव.

"हे लिहायलाच पाहिजे का?" शिवानंद म्हणाले. "शाळेतले लोक वाचतील की."

"लिहायलाच पाहिजे."

अक्कांनी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. ऐकून झाल्यावर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"अजून येक लिवा."

"काय?"

"लिवा, तितं येक पोरगी व्हती. लई भ्याली व्हती."

शिवानंदांनी चमकून विचारलं, "कोण पोरगी?"

"मी," अक्का म्हणाल्या. आणि मग, माळावर मला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत, त्यांनी भावाला सांगितलं. खाली दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. शिवानंद उठले नाहीत. बहिणीचं बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, कागद पुढे ओढला, आणि त्या पोरीबद्दलची शेवटची ओळ त्यांनी स्वतः लिहिली.